संगणक सुरू होण्यास वेळ लागत असेल, तर जोडलेल्या उपकरणांपासून तपास कसा करावा

गेल्या पावसाळ्यात फोंडा बाजारातील एका किराणा दुकानाचा संगणक माझ्याकडे दुरुस्तीला आला. सकाळी बटण दाबल्यापासून बिल करण्याचा प्रोग्राम उघडेपर्यंत जवळजवळ चार मिनिटे जातात आणि तोवर गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत उभे राहते, अशी दुकानदारांची तक्रार होती. त्याआधी दोनदा विंडोज नव्याने टाकून घेण्यात आले होते. दोन्ही खेपांना पैसे गेले आणि चार मिनिटे तशीच राहिली. माझ्या टेबलावर मात्र तोच संगणक २८ सेकंदांत सुरू झाला. त्यामुळे दोष दुकानातच राहिला असून केवळ कॅबिनेट माझ्याकडे आले आहे, हे उघड झाले. दुसऱ्या दिवशी संगणक घेऊन मी दुकानात गेलो, तेव्हा गल्ल्याच्या मागे, तांदळाच्या पोत्यांच्या आडोशाला, एका यूएसबी हबमध्ये (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीत) बारकोड वाचणारे यंत्र, पावती छापणारा प्रिंटर, बॅकअपची हार्डडिस्क आणि मोबाइल चार्ज करण्याची वायर अशी चार उपकरणे खोचलेली दिसली.

असे प्रसंग गोव्यात मला वरचेवर पाहायला मिळतात. संगणक उशिरा सुरू होऊ लागला, की प्रथम व्हायरसचा संशय घेतला जातो, मग विंडोज पुन्हा टाकले जाते आणि शेवटी नवा संगणक घ्यावा लागेल असे सांगितले जाते. मागे जोडलेल्या वायरींकडे पाहण्याचे कोणाला सुचत नाही. वास्तविक ही तपासणी घरच्या घरी, एका दुपारी आणि जवळपास फुकट करता येते. तिचा क्रम मात्र सांभाळावा लागतो, म्हणून येथे तो सविस्तर दिला आहे.

वेळ कशात जातो

बटण दाबल्याबरोबर संगणक आपल्या जागी काय काय जोडलेले आहे याची हजेरी घेतो. हे काम मदरबोर्डवरील चिपमध्ये असलेला छोटा प्रोग्राम करतो, ज्याला जुन्या सवयीने आपण बायोस म्हणतो. गेल्या दहा-बारा वर्षांतील संगणकांत त्याची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीने घेतली आहे. रॅम, डिस्क, कीबोर्ड, यूएसबीला लावलेली प्रत्येक वस्तू, यांना हा प्रोग्राम एकेक करून विचारतो. जे उपकरण चटकन उत्तर देते, त्याच्यात सेकंदाचा अंशही जात नाही. जे अडखळत उत्तर देते, त्याच्यासाठी संगणक ठरावीक काळ थांबतो, पुन्हा विचारतो, पुन्हा थांबतो. यूएसबीच्या नियमांप्रमाणे एका विनंतीला उत्तर देण्यासाठी उपकरणाला जास्तीत जास्त ५ सेकंदांची मुदत असते, आणि अशा चार-सहा फेऱ्या झाल्या की अर्धे मिनिट सहज निघून जाते. पुढे विंडोज सुरू झाले, की तीच हजेरी ते आपल्या ड्रायव्हरांमार्फत, म्हणजे उपकरणांशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रामांमार्फत, पुन्हा घेते. त्या उपकरणासाठी एखादी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, असेल, तर ती सुरू झाल्याचा निरोप येईपर्यंत विंडोज साधारणपणे ३० सेकंद वाट पाहते. दुखणे एकाच उपकरणाचे असले, तरी त्याची किंमत दोन-तीन ठिकाणी मोजावी लागते ती अशी.

म्हणून प्रोसेसर जुना झाला, रॅम कमी पडते, अशा निष्कर्षांवर येण्यापूर्वी संगणक कोणासाठी थांबला आहे, हे शोधावे. प्रोसेसर खरोखर मंद असेल, तर तो दिवसभर मंद असतो. सुरू होताना चार मिनिटे घेणारा आणि त्यानंतर दिवसभर तुरुतुरु चालणारा संगणक जवळजवळ नेहमी कोणाची तरी वाट पाहत असतो.

आधी घड्याळ लावावे

तपासाला हात घालण्यापूर्वी मोबाइलमधील स्टॉपवॉच आणि एक वही जवळ घ्यावी. अंदाजावर विसंबल्यास फसगत होते, कारण त्रासलेल्या माणसाला एक मिनिटही पाच मिनिटांसारखे वाटते, आणि दुरुस्ती करणाऱ्याला आपल्या हातून फरक पडला असे वाटण्याची घाई असते.

येथे एक खाचखळगा आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तिच्यामुळे आपण शट डाउन केले, तरी विंडोजचा गाभा आणि त्याचे ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे साठवून ठेवले जातात आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच उचलले जातात. त्यामुळे ड्रायव्हरचा बिघाड शट डाउन करूनही तसाच टिकून राहतो, आणि रीस्टार्टची वेळ व सकाळची वेळ यांची तुलना निरर्थक ठरते. मोजणीसाठी प्रत्येक वेळी शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउनवर क्लिक करावे. असे केल्याने संगणक पूर्णपणे बंद होतो. मग अर्धा मिनिट थांबून बटण दाबावे.

वेळ तीन टप्प्यांत लिहावी. बटण दाबल्यापासून कंपनीचे चिन्ह दिसून त्याखाली ठिपके फिरू लागेपर्यंतचा पहिला टप्पा, ठिपके फिरू लागल्यापासून पासवर्ड विचारला जाईपर्यंतचा दुसरा, आणि पासवर्ड दिल्यापासून एखादी फाइल खरोखर उघडेपर्यंतचा तिसरा. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, असलेला धडधाकट संगणक हे सारे साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत उरकतो. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर एक ते दोन मिनिटे लागणे स्वाभाविक समजावे. कोणता टप्पा फुगला आहे, यावरून शोधाची दिशा ठरते. पहिला टप्पा लांबला असेल, तर विंडोजचा त्याच्याशी काहीही संबंध नाही आणि ते नव्याने टाकून तो एक सेकंदानेही कमी होणार नाही. फोंड्याच्या दुकानदारांचे पैसे नेमके येथे वाया गेले होते.

पहिल्या टप्प्याची वेळ विंडोजही टिपून ठेवते. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप या भागात वरच्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ असा आकडा दिसतो. यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकांवर तो मिळतो. तो पंधरा-वीस सेकंदांच्या पुढे असेल, तर जोडलेल्या वस्तूंकडेच पाहावे.

सगळे काढावे, मग एकेक परत लावावे

संगणक पूर्ण बंद करून भिंतीवरील स्विच बंद करावा, आणि मग पडदा, कीबोर्ड, माउस व विजेची वायर सोडून बाकी सर्व काढून घ्यावे. सर्व म्हणजे खरोखरच सर्व. प्रिंटर, स्कॅनर, पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, हब, वेबकॅम, मोबाइलची वायर, इंटरनेटची लॅन केबल, स्पीकर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, कार्ड रीडरमध्ये विसरलेले कॅमेऱ्याचे कार्ड, टीव्हीला जोडलेली एचडीएमआय केबल. ‘हे तर नेहमीच लावलेले असते’ असे म्हणून जी वस्तू ठेवून दिली जाते, तीच पुष्कळदा गुन्हेगार निघते. काढण्यापूर्वी मागील बाजूचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि प्रत्येक वायरीवर कागदी चिकटपट्टी लावून तिचे नाव लिहावे.

अशा मोकळ्या संगणकाची वेळ दोनदा मोजावी. ती पूर्वीपेक्षा ठळकपणे कमी झाली, तर निम्मे काम झाले. मग एक वस्तू लावायची, पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचे, वेळ लिहायची, आणि पुढची वस्तू घ्यायची. दोन वस्तू एकदम लावण्याचा मोह टाळावा, कारण त्यानंतर वेळ वाढली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

त्या दुकानातील माझ्या वहीतील नोंदी अशा होत्या. मोकळा संगणक २८ सेकंद, बारकोड यंत्र थेट मागील पोर्टला लावून २९, प्रिंटर लावून ३१, रिकामा हब लावून ३१, आणि हबमध्ये बॅकअपची डिस्क लावताच ३ मिनिटे ४० सेकंद. तीच डिस्क हबमधून काढून, आखूड केबलने संगणकाच्या मागील पोर्टला लावली, तेव्हा ३६ सेकंद. म्हणजे डिस्क निर्दोष होती आणि हब एकटा असताना त्याचेही काही बिघडत नव्हते. दोघांची जोडी मात्र जमत नव्हती.

कारण शोधण्यासाठी कानही उपयोगी पडला. हबमध्ये असताना ती डिस्क फिरू लागे, ‘टिक’ असा आवाज करून थांबे, आणि पुन्हा फिरू लागे. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० च्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळण्याची हमी असते. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसलेला हब तेवढ्याच विजेत आपली सगळी पोर्ट भागवतो. फिरती हार्डडिस्क स्थिर गतीला आल्यावर थोडक्यात भागवते, परंतु थांबलेल्या अवस्थेतून गती घेताना तिला क्षणभर बरीच जास्त वीज लागते. त्यातच हबच्या त्या पोर्टमधील पिना दमट हवेने हिरवट पडल्या होत्या, त्यामुळे पोहोचणारी वीज आणखी घटत होती. डिस्क अर्धवट जागी होऊन पुन्हा झोपत होती, आणि प्रत्येक वेळी संगणक नव्याने तिची चौकशी करत होता.

बाहेरच्या डिस्कविषयी आणखी काही

हळू सुरू होण्याच्या ज्या तक्रारी मी पाहिल्या, त्यांत बाहेरून जोडलेल्या डिस्क आणि पेनड्राइव्ह यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, म्हणून त्यांच्यासाठी थोडा अधिक वेळ द्यावा.

वीज कमी पडणे हे एक कारण झाले. दुसरे कारण असे, की पुष्कळ संगणकांत यूएसबीवरून सुरू होण्याचा पर्याय यादीत वरच्या क्रमांकावर ठेवलेला असतो. मग पेनड्राइव्हमध्ये देवळाच्या उत्सवाचे फोटो असोत की भजनाच्या फाइली, संगणक आधी तेथे विंडोज आहे का ते शोधतो, ते न सापडल्यावर आतील डिस्ककडे वळतो. हा क्रम बदलण्यासाठी सुरू होतानाच डिलीट, एफ२ किंवा एफ१० यांपैकी आपल्या यंत्राची जी कळ असेल ती दाबून बायोसमध्ये जावे, किंवा विंडोजच्या सेटिंग्जमधील रिकव्हरी या भागातून अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप निवडून तेथे पोहोचावे. बूट ऑर्डर या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणावे. त्याच यादीत नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय असल्यास तो बंद करावा, कारण लॅन केबल लावलेली असताना तो पर्याय वर असेल, तर नसलेल्या सर्व्हरची वाट पाहण्यात मिनिटभर जाऊ शकते.

बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी एक खबरदारी अवश्य घ्यावी. ज्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे, तो असा बदल झाल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती हाताशी नसेल, तर स्वतःच्याच फाइलींपासून आपण वंचित होतो. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती साठवलेली असते का, हे आधी पाहून कागदावर उतरवून ठेवावी, आणि मगच पुढे जावे.

तिसरे कारण आपल्या सवयींचे आहे. डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ न करता ओढून काढली, किंवा वीज गेल्याने संगणक मध्येच बंद पडला, तर तिच्यावर अपूर्ण कामाची खूण राहते आणि पुढच्या वेळी सुरू होताना विंडोज तिची तपासणी करू लागते. पडद्यावर ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह’ असे दिसले, की ते एकदा पूर्ण होऊ द्यावे. रोजच दिसत असेल, तर त्या डिस्कमधील फाइली आधी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि नंतरच दुरुस्तीचा विचार करावा.

माझे स्पष्ट मत असे आहे, की बॅकअपची डिस्क चोवीस तास लावून ठेवूच नये. आठवड्यातून एकदा लावावी, बॅकअप घ्यावा, नीट काढून कपाटात ठेवावी. संगणक लवकर सुरू होतो हा त्याचा लहान फायदा. वळिवाच्या वेळी वीज कोसळली तर मूळ डिस्क आणि बॅकअप एकाच क्षणी जात नाहीत, हा मोठा.

कॅबिनेटच्या आतील केबल

सगळे काढूनही पहिला टप्पा लांबलेलाच राहिला, तर आत पाहावे लागते. लॅपटॉप घरी उघडू नये. डेस्कटॉपचे झाकण मात्र कोणीही काळजीपूर्वक उघडू शकतो. विजेची वायर काढून, सुरू करण्याचे बटण पाच-सात सेकंद दाबून उरलेली वीज निघून जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा. विजेचा पुरवठा करणारा एसएमपीएस हा डबा कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

आतील वस्तूंपैकी पहिला संशय डीव्हीडी ड्राइव्हवर घ्यावा. आता तो कोणी वापरत नाही, तरी त्याची केबल मदरबोर्डला लावलेलीच असते, आणि म्हातारा झालेला ड्राइव्ह सुरुवातीच्या हजेरीला उत्तर द्यायला खूप वेळ लावतो. डिचोली तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात मराठी पुस्तकांची यादी ज्या संगणकावर ठेवली आहे, तो कंपनीच्या चिन्हावर ७० सेकंद अडून राहत असे. डीव्हीडी ड्राइव्हच्या दोन्ही केबल काढल्या, आणि तो टप्पा १२ सेकंदांवर आला. तेथील ग्रंथपालबाईंनी दुसऱ्यांदा सुरू करून स्वतः खात्री केली, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

त्यानंतर मुख्य डिस्कची केबल पाहावी. साटा केबल ही अर्ध्या बोटाएवढ्या रुंदीची, बहुधा लाल रंगाची असते, आणि तिची टोके सैल झाली किंवा त्यांच्यावर गंज चढला, तर माहिती चुकीची पोहोचून पुन्हा पुन्हा मागवावी लागते. हे डोळ्यांना दिसत नाही, पण डिस्क स्वतः त्याची नोंद ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडून सी७ या क्रमांकाची ओळ पाहावी. तेथे केबलमार्गे झालेल्या चुकांची मोजदाद असते. हा आकडा कधी खाली येत नाही, म्हणून तो मोठा आहे एवढ्यावरून घाबरू नये. आजचा आकडा लिहून ठेवावा आणि आठ दिवसांनी तो वाढला का हे पाहावे. वाढत असेल, तर केबल बदलावी. नवी साटा केबल अगदी स्वस्तात मिळते, आणि तिने वाचणारा त्रास तिच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

त्याच पडद्यावर ०५ आणि सी५ या ओळींत आकडे वाढताना दिसले, तर गोष्ट वेगळी आहे. ते डिस्कच्या पृष्ठभागावरील खराब जागा दर्शवतात. अशा वेळी सुरू होण्याचा वेळ वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी सर्व फाइली दुसरीकडे उतरवाव्यात. खराब होत चाललेल्या डिस्कवर तासन्तास दुरुस्तीचे प्रोग्राम चालवल्याने उरलेली माहितीही हातची जाऊ शकते.

मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरीही विसरू नये. संगणक सुरू झाल्यावर तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसत असेल, तर ती संपली आहे. बायोसमध्ये आपण केलेले बदल ती संपल्यावर पुसले जातात आणि बूट ऑर्डर पुन्हा मूळपदावर जाते. ३ व्होल्टची ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते.

ठिपके फिरत राहिले तर

दुसरा टप्पा लांबला असेल, तर ड्रायव्हरकडे वळावे. डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळा त्रिकोण कोणापुढे आहे ते पाहावे. कोड १० म्हणजे उपकरण सुरूच होऊ शकले नाही, आणि कोड ४३ म्हणजे उपकरणाने बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ अशी ओळ दिसली, तर बहुतेक वेळा केबल, पोर्ट किंवा ते उपकरण यांपैकी एकाचा विद्युत दोष असतो आणि ड्रायव्हर पुन्हा टाकण्यात अर्थ नसतो. केबल व पोर्ट बदलून पाहावे.

यापेक्षा नेमका पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदवहीत, मिळतो. त्यात अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्स, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स आणि शेवटी ऑपरेशनल अशा वाटेने जावे. १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू होण्यास लागलेला एकूण वेळ मिलिसेकंदांत दिलेला असतो. त्याला एक हजाराने भागावे. १०१ ही नोंद उशीर करणाऱ्या प्रोग्रामची, १०२ ड्रायव्हरची, १०३ सर्व्हिसची आणि १०९ उपकरणाची असते, आणि प्रत्येकीत त्याचे नावही दिलेले असते. सिस्टम या मुख्य लॉगमध्ये डिस्कच्या किंवा तिच्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरच्या नावाने १२९ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी वारंवार येत असतील, तर डिस्क वेळेवर उत्तर देत नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि वर सांगितलेल्या केबलच्या तपासणीकडे परत जावे.

नागरी सेवा केंद्रे चालवणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. आधारच्या पडताळणीसाठी बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राबरोबर त्याची आरडी सर्व्हिस (त्या यंत्रासाठीचा ठरावीक प्रोग्राम) टाकावी लागते, आणि ती विंडोजबरोबर आपोआप सुरू होते. जुने यंत्र गेले, नव्या कंपनीचे आले, तरी जुनी सर्व्हिस काढली जात नाही आणि ती नसलेल्या यंत्राचा शोध रोज घेत राहते. बदललेल्या प्रिंटरांच्या आणि स्कॅनरांच्या बाबतीतही असेच घडते. जे यंत्र घरात नाही, त्याचा प्रोग्रामही संगणकात ठेवू नये.

पासवर्ड दिल्यानंतरचा उशीर

तिसऱ्या टप्प्यातील उशिराला बहुतांशी आपोआप उघडणारे प्रोग्राम कारणीभूत असतात, आणि ते टास्क मॅनेजरमधून बंद करणे सोपे आहे. उपकरणांच्या दृष्टीने येथे नेटवर्क महत्त्वाचे. पणजी किंवा म्हापशातील छोट्या वकिली कचेऱ्यांत दोन-तीन संगणक एकमेकांना जोडलेले असतात आणि एकावरील फोल्डर दुसऱ्यावर झेड किंवा वाय ड्राइव्ह म्हणून दाखवलेले असते. सकाळी जो आधी येतो, त्याचा संगणक अजून बंद असलेल्या दुसऱ्या संगणकाला हाका मारत बसतो. फाइली ज्या संगणकावर आहेत, तो प्रथम सुरू करण्याची शिस्त लावली, तरी हा प्रश्न मिटतो.

लिनक्स वापरणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की कायमची नोंद केलेली बाहेरची डिस्क जागेवर नसेल, तर सुरू होताना ९० सेकंद थांबावे लागते. एफस्टॅब या फाइलीतील तिच्या ओळीत नोफेल हा पर्याय जोडावा.

आपल्या हवेसाठी

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. चिऱ्यांच्या भिंती ओल धरतात, किनाऱ्यालगतच्या घरांत हवेबरोबर मीठ येते, आणि डिचोली-सत्तरीकडे लाल धूळ असते. पोर्टमधील पिनांवर या सर्वांचा थर बसतो. संगणकाची तक्रार आषाढात सुरू होऊन चवथीपर्यंत वाढत गेली असेल, तर पिनांचा संशय आधी घ्यावा.

सफाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. सुती कापडाचा धागा पोर्टमध्ये अडकतो, म्हणून मऊ ब्रशने किंवा घट्ट कापसाच्या काडीने हलकेच पुसावे, दहा मिनिटे सुकू द्यावे आणि मगच वीज द्यावी. रॅमच्या पिना खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास आढळते. मला ती पसंत नाही, कारण त्यांच्यावरील सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा भुगा खाचेत जाऊन बसतो. हिरवट पडलेला हब साफ करण्यात वेळ घालवू नये. तो बदलावा, आणि बदलताना स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेलाच घ्यावा. जी पोर्ट रिकामी आहेत, त्यांना रबरी टोपणे लावली तर ओल आणि मुंग्या दोन्ही बाहेर राहतात.

मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला, की विजेच्या वायरीबरोबर लॅन केबलही काढावी. वीज जवळ पडल्यावर मदरबोर्डवरील लॅन पोर्ट पुष्कळदा पूर्ण जळत नाही, अर्धवट जिवंत राहते. विंडोजला ते दिसते, पण त्याचा ड्रायव्हर प्रत्येक वेळी अडकतो. अशा वेळी बायोसमधून ते पोर्ट बंद करावे आणि यूएसबीला लागणारा साधा लॅन अ‍ॅडॉप्टर घ्यावा. मदरबोर्ड बदलण्याची गरज नसते.

सगळे जागच्या जागी लावून झाल्यावर संगणक रात्रभर बंद ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या सर्व उपकरणांसह एकदा शेवटची वेळ मोजावी. तिन्ही टप्प्यांचे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या बाजूला चिकटवावा. फोंड्याच्या दुकानात असा कागद आता आहे, त्यावर ३६ सेकंद लिहिलेले आहेत, आणि पुढच्या वेळी कोणी विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला, तर आधी तो कागद वाचून पुन्हा वेळ मोजायची, असे दुकानदारांनी ठरवले आहे.